न झिजलेलं बटण

मराठवाड्यात जानेवारी ते मे हा बोअरचा सीझन. आम्ही बोअरची बिटं बनवतो; गेल्या सीझनला आमच्या क्वालिटी विभागाकडे आलेल्या तक्रारी बहुतेक एकाच प्रकारच्या होत्या: बटण तुटलं. साडेसहा इंची बिटच्या, म्हणजे खोदणाऱ्या टोकाच्या, तोंडावर टंगस्टन कार्बाइडची गोल डोक्याची बटणं घट्ट बसवलेली असतात, खडक फोडतात ती हीच. बाहेरच्या ओळीतलं एक जरी मोडलं तरी तुकडा बोअरमध्येच राहतो आणि उरलेली बटणं खडकाऐवजी त्या तुकड्यावर आपटत राहतात. मग काही फुटांतच अख्खं बिट भंगारात जातं.

ही बटणं आम्ही चीनच्या सिचुआन प्रांतातल्या झिगोंगहून मागवतो. आमच्या खरेदी विभागाने तपासणीआधीच निकाल लावून टाकला होता: माल खराब आहे, डेबिट नोट काढा म्हणजे पैसे कापून घ्या, पुढच्या लॉटला भाव पाडून घ्या. त्यासाठी कागद हवा म्हणून मला पाठवलं. तुटलेली बटणं आणि न वापरलेल्या लॉटमधले नमुने प्लास्टिकच्या डब्यांत घालून मी गेलो.

झिगोंगला सहसा कोणी मुद्दाम जात नाही. परदेशी माणूस चेंगडूला पांडा बघतो आणि परत फिरतो. चेंगडूहून वेगवान रेल्वेने साधारण तासाभरात हे शहर येतं. गावाबाहेर दाशानपूला डायनोसॉरच्या हाडांचं मोठं संग्रहालय आहे, जगभरच्या दिव्यांच्या उत्सवांना लागणारे प्रचंड कंदील इथे तयार होतात, आणि ससा इतका तिखट करतात की कोल्हापूरच्या माणसानेही पाणी मागावं. हे गाव मूळचं मिठाचं. तिथे कार्बाइड कुठून आलं, याचंही उत्तर आहे. १९६४ पासून चीन सरकारने युद्धाच्या भीतीने कारखाने किनाऱ्यापासून आत डोंगराळ भागात हलवले. कठीण धातूचा, म्हणजे कार्बाइडचा, धंदा त्याच लाटेत इथे आला आणि रुजला.

पुरवठादाराच्या तपासणी खोलीत पन्नाशी ओलांडलेल्या एक धातुतज्ज्ञ बाई होत्या. दुभाषा म्हणून निर्यात विभागातला एक तरुण. माझ्या कामातला हा भाग मी कधीच घाईत उरकत नाही. आधी डेन्सिटी. आमच्या ग्रेडमध्ये कार्बाइडचे कण जोडून ठेवणारा कोबाल्ट साधारण ६ टक्के, म्हणजे डेन्सिटी १४.९ च्या आसपास यायलाच हवी. मग हार्डनेस. मग चुंबकीय चाचण्या, ज्यांवरून बटण न फोडता आतले कण किती बारीक आहेत आणि कार्बनचा तोल बरोबर आहे का हे कळतं. शेवटी बटण कापायचं, हिऱ्याच्या पेस्टने आरशासारखं घासायचं आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायचं. भट्टीत कार्बन कमी पडला तर ईटा फेज नावाची ठिसूळ रचना तयार होते आणि बटण काचेगत ठिसूळ होतं. मुराकामीचं द्रावण लावलं की ती काही सेकंदांत रंग धरते, लपत नाही. मी मुद्दाम तिच्यासाठीच आलो होतो, कारण ती सापडली असती तर वाद तिथेच मिटला असता.

ती सापडली नाही. छिद्रं नाहीत, मोकळा कार्बन नाही, कणांचा आकार ठरल्याप्रमाणे. नव्या लॉटमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती.

बाईंनी मग तुटलेली बटणं मागितली. एक बोटांत धरून त्यांनी खिडकीच्या उजेडात फिरवलं, अंगठ्याचं नख डोक्यावरून ओढलं, परत ओढलं, आणि तसंच माझ्या हातात दिलं. मीही नख ओढलं. डोळ्याला गुळगुळीत, चकचकीत दिसणाऱ्या पृष्ठभागावर नख अगदी बारीक खरखरत होतं. मायक्रोस्कोपखाली तेच बटण सापाच्या कातीसारखं दिसलं, भेगांचं सलग जाळं. मग कापून बघितलं. भेगा डोक्याच्या पृष्ठभागावरून आत उतरल्या होत्या, फार खोल नाही, पण त्यांच्याखालचा धातू पूर्ण निरोगी. तुटण्याची सुरुवात त्या भेगांतूनच झालेली स्पष्ट दिसत होती.

त्यांनी एकच विचारलं, “तुमच्या खडकात क्वार्ट्झ किती आहे?”

जवळपास नाहीच. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. तो कठीण आहे पण घासणारा नाही. खरं दुखणं तिथेच होतं. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ भरपूर, त्यामुळे बटणाचं डोकं झिजून सपाट होतं. ते कुणालाही दिसतं, मग बिट ग्राइंडिंगला, म्हणजे बटणं घासून पुन्हा गोल करायला, जातं. बेसॉल्टमध्ये डोकं झिजत नाही, उलट पॉलिश होतं. पण प्रत्येक ठोक्याला पृष्ठभाग तापतो, गार होतो, ताण घेतो आणि थकतो. ग्रॅनाइटमध्ये हा थकलेला थर आपोआप घासून निघून जातो, बेसॉल्टमध्ये तो तसाच साचत राहतो. म्हणून आमच्या खडकात बिट नवं दिसत असतानाच ग्राइंड करायला हवं. वरचा अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा थर काढून टाकला की बटण पुन्हा ताजं.

आता बोअरच्या गाड्यांचं एक गुपित सांगतो, जे शेतकऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतं. महाराष्ट्रात फिरणाऱ्या असंख्य गाड्या आणि त्यांवरची पोरं तमिळनाडूतल्या तिरुचेंगोड भागातली. मेहनतीला त्यांच्यासारखी माणसं नाहीत, रात्र-रात्र धुळीत उभी असतात. पण त्यांची नजर तयार झाली ती क्वार्ट्झच्या खडकात. सपाट झालं की घास, गोल आहे तोवर चालव, हे त्यांच्या हाताला शिकवलेलं. जालना-बीडच्या खडकात ही शिकवणच घात करते. त्यांना दोष देणं मला पटत नाही. बिटच्या डब्यात खडकानुसार सूचनेचा एक साधा कागद टाकावा, हे आम्हा बिट विकणाऱ्यांना सुचलेलं नाही.

काम उरकल्यावर बाई म्हणाल्या, तुम्ही भोकं पाडणाऱ्यांतले, मग शेनहाय बघितल्याशिवाय जाऊ नका.

शेनहाय ही मिठाच्या पाण्याची विहीर. १८३५ मध्ये ती १,००१ मीटरवर पोचली आणि किलोमीटरपेक्षा खोल गेलेली जगातली पहिली विहीर ठरली. खोदाईला १३ वर्षं लागली. वर लाकडी खांब बांधून उभारलेला मनोरा, बाजूला दोर गुंडाळायचं मोठं चाक, आणि खाली जमिनीत माणूस उतरूच शकणार नाही असं अरुंद तोंड. कॉम्प्रेसर नाही, इंजिन नाही. बांबूच्या पट्ट्यांच्या दोराला जड लोखंडी बिट टांगायचं, माणसांनी फळीवर पाय देऊन ते उचलायचं, उतरून सोडायचं, थोडं फिरवायचं, पुन्हा सोडायचं. तळाचा चुरा आणि खारं पाणी बांबूच्या नळीने वर काढायचं, नळीच्या बुडाला चामड्याची झडप. तत्त्व आमचंच आहे, आपटून फोडायचं. आमची गाडी हवेच्या जोरावर आठशे फूट एका रात्रीत करते.

विहिरीतून नैसर्गिक वायूही येतो. त्याच्याच आचेवर लोखंडी कढयांत खारं पाणी आजही आटवतात. मी उभा होतो तेव्हा एकाने उकळत्या कढईत सोयाबीनचं दूध ओतलं. बघता बघता राखाडी फेस वर गोळा झाला, त्याने झाऱ्याने तो काढून टाकला आणि खालचं पाणी नितळ झालं.

पण मी अडकलो ते मिठाच्या इतिहासाच्या संग्रहालयात. शाआन्शी (Shaanxi) प्रांतातल्या मीठ-व्यापाऱ्यांनी १७३६ ते १७५२ मध्ये बांधलेली ही वास्तू, वळलेल्या छपरांची, कोरीवकामाने भरलेली. पर्यटक छपरांचे फोटो काढत होते. मी अवजारांच्या कपाटांसमोर उभा राहिलो. खोदायची बिटं आहेतच, पण त्याहून मला धरून ठेवलं ते विहिरीत पडलेलं बाहेर काढायच्या आणि विहीर दुरुस्त करायच्या अवजारांनी. दोर तुटून बिट पडलं तर वेगळं, नळी अडकली तर वेगळं, तुकडा भिंतीत रुतला तर वेगळं. आकडे, नखं, चिमटे. वरचं गोडं पाणी आत झिरपलं तर ती गळती तुंग तेल आणि चुना कालवून बुजवायचे. शेकडो मीटर खाली, न दिसणाऱ्या जागी, केवळ दोराच्या हिसक्यावरून अंदाज घेत.

आमच्याकडे बिटला ठोके देणारा हॅमर भोकात अडकला तर तासभर झटापट होते, नाही निघाला तर शेजारी चार फुटांवर दुसरं भोक. केसिंग, म्हणजे भोकाला आधार देणारा पाइप, एजंट शक्य तितकं कमी घालतो, मग मुरूम ढासळून बोअर बुजतं आणि शेतकरी पुन्हा पाणाड्याच्या नारळामागे फिरतो. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरखालच्या विहिरींवर निर्बंध आहेत, पण गाडी रात्री येते आणि पहाटेच्या आत निघून जाते. कर्ज काढून पाडलेल्या कोरड्या बोअरच्या शेजारी दुसरं बोअर पाडताना मी पाहिलंय, आणि त्या घरातली माणसं तोंडावर पदर-टॉवेल धरून पहाटेपर्यंत धुळीत बसलेली पाहिलीत. फुटाला दर ठरलेला, ते फूट ती माणसंच मोजून देतात. यात दुरुस्तीला कुठे जागाच ठेवलेली नाही, याचा मला संताप येतो.

परत आल्यावर अहवालात जे दिसलं तेच लिहिलं: बटणात दोष नाही, दर ठरावीक फुटांनंतर ग्राइंडिंग करा, दिसायला नवं असलं तरी करा. डेबिट नोट निघाली नाही म्हणून खरेदीवाले नाराज झाले. भाव पाडणं त्यांना काम वाटतं, बिट टिकवणं नाही. मालकांनी मात्र मायक्रोस्कोपचे फोटो स्वतः बघितले आणि काही गाड्यांवर हाताने चालवायचं ग्राइंडिंग यंत्र द्यायला मान्यता दिली.

पहिलं यंत्र घेऊन मी अंबडजवळ एका गाडीवर गेलो. तिथल्या फोरमनला तुटलेलं बटण दिलं आणि नख ओढायला सांगितलं. त्याने ओढलं, थबकला, आपल्या पोरांना बोलावून प्रत्येकाला ओढायला लावलं. त्याला पटलं होतं. मग त्याने हिशेब मांडला: बिट काढा, घासा, चढवा, अर्धा तास गेला. तेवढ्यात कॉम्प्रेसर नुसता डिझेल खातो आणि फूट एकही वाढत नाही. “सर, उस आधे घंटे का पैसा कौन देगा? गाडी का मालिक, आपकी कंपनी, या किसान?”

यंत्र त्याने ठेवून घेतलंय. दराच्या करारात ग्राइंडिंगचा वेगळा आकडा असावा असं पत्र मी गाडीमालकांना पाठवलंय, उत्तर अजून आलेलं नाही. जानेवारी तोंडावर आहे.