तुम्ही विचारलंत म्हणून: देव एकच, मग भांडण कशाचं?

सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांना जागतिक राजकारण शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दर बॅचला येतोच. "मॅडम, शिया-सुन्नी काय, कॅथलिक-प्रोटेस्टंट काय, देव एकच. मग एकमेकांच्या जिवावर का उठतात?" सोसायटीतले काका आरतीनंतर हेच विचारतात, फक्त उत्तर त्यांचं तयार असतं: "ते पहिल्यापासून असेच."

मी कॅलेडनपासून सुरुवात करते. उत्तर आयर्लंडमधलं खेडं, जून १९६८. कौन्सिलने एक घर एकोणीस वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट मुलीला दिलं. पोराबाळांची कॅथलिक कुटुंबं यादीत ताटकळत राहिली. ऑस्टिन करी हे तिथल्या विधिमंडळाचे सदस्य निषेध म्हणून त्या घरात जाऊन बसले, पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. आता खरी मेख बघा. स्थानिक निवडणुकीत मत होतं घरपट्टी भरणाऱ्याला आणि त्याच्या जोडीदाराला. म्हणजे घर दिलं की मत दिलं! यात पोपचा किंवा बायबलचा संबंध कुठे आला? तरी पुढच्या तीसेक वर्षांच्या कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली.

पण "धर्म नुसतं निमित्त" म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. शाळा, वर्गणी, मिरवणूक, अंत्ययात्रेला जमणारी माणसं, हे सगळं पंथाकडे आयतं असतं. पोलीस आपले नाहीत असं एकदा वाटलं की माणूस तिकडेच धावतो. मग शेजारीही त्याच्या माणसांकडे जातो. भीती दोघांचीही खरी, हीच तर पंचाईत.

आणि "पहिल्यापासून"चं म्हणाल, तर १८९३ च्या मुंबईतल्या दंगलीपर्यंत आपल्या पुण्यातले हिंदू मोहरमच्या ताबुतांत हौसेने सामील होत. मग हिंदूंनी ताबुतांवर बहिष्कार घातला, सार्वजनिक गणपती फोफावला. काकांना हे सांगितलं की ते प्रसाद वाटायला उठतात.

लेबनॉनमध्ये तर वाटपच पंथावर. १९४३ च्या अलिखित करारानुसार राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी. संसदेत ख्रिस्ती आणि मुस्लिम जागांचं प्रमाण सहास पाच. आधार १९३२ ची जनगणना. लोकसंख्या बदलत गेली, पण पुन्हा अधिकृत शिरगणती करायची कुणाची छाती झाली नाही. त्यात देशात तळ ठोकलेल्या पॅलेस्टिनी सशस्त्र गटांचा पेच होताच. ओळखपत्रावर पंथ लिहिलेला असे. १९७५ मध्ये यादवी पेटली आणि नाक्यानाक्यावर तेच कार्ड बघून माणसं मारली गेली.

इथे वर्गात कुणीतरी म्हणतंच, "आपल्याकडे नाही बुवा असं." खोली भाड्याने घेताना एजंटाने पहिल्यांदा काय विचारलं, एवढंच मी विचारते. आडनाव. डिपॉझिटचं नंतर.

लेबनॉनची यादवी १९९० मध्ये संपली. संसदेतल्या जागा निम्म्या-निम्म्या झाल्या. १९९१ मध्ये माफीचा कायदा आला आणि सशस्त्र टोळ्यांच्या म्होरक्यांपैकी काही जण चक्क मंत्री झाले. पंथावरचं वाटप टप्प्याटप्प्याने बंद करू, असं यादवी मिटवण्यासाठी झालेल्या १९८९ च्या ताइफ करारात लिहिलंय खरं. राष्ट्राध्यक्ष अजून मॅरोनाइटच असतो.