लघवीचा प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट. पाठीच्या पेशंटमध्ये माझा निम्मा वेळ भीती काढण्यात जातो. ‘मणक्यात गॅप आहे’ असं कुणीतरी सांगितलेलं, कमरेला पट्टा आवळलेला, आठ-आठ दिवस अंथरूण धरलेलं. पट्टा सोडवायचा, चालतं करायचं. बहुतेकांची उसण काही आठवड्यांत ओसरतेच.

हे गृहस्थ गोदामात माल उतरवायचे. सोमवारी आले ते कॉलेजातल्या मुलीचा हात धरून. खोकं उचलून वळताना कमरेत चमक भरली होती. (ओझं हातात असताना कंबर पिळू नका, पावलं टाकून वळा, हे सांगून मी थकले. पण गाडी तासात रिकामी करून मागणाऱ्या मुकादमाला कोण सांगणार?) उताणं झोपवून डावा पाय सरळ उचलला, तर 35 अंशांवरच कळ पोटरीत उतरली. उजवा उचलला तरी कळ डाव्यातच. डाव्या पायाचा अंगठा माझ्या बोटाच्या दाबापुढे वर टिकेना. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकलीय, हे मी फोटोआधीच सांगितलं. पुढे एमआरआयमध्ये तेच निघालं. त्या दिवशी स्वतःवर फार खूश होते मी.

मग शेवटचा प्रश्न, फाईल बंद करता करता. “लघवी-संडासला त्रास? बसायच्या जागी बधिर वाटतं?” त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग भिंतीकडे. “नाही.” मी ‘नाही’वर खूण केली.

बुधवारी पहाटे फोन. आता दोन्ही पायांत मुंग्या. “मॅडम, लघवी लागलीय का तेच कळत नाही.”

मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो. खाली उरतो नसांचा झुपका, घोड्याच्या शेपटीसारखा. त्यावर गादी चेपून बसली की तास मोजावे लागतात. त्यांना थेट तातडीच्या विभागात धाडलं. तिथे इंजेक्शन देऊन घरी पाठवायची तयारी चालली होती. मी फोनवर आवाज चढवला, तेव्हा कुठे मूत्राशय तपासलं. जवळजवळ लिटरभर लघवी तुंबलेली. त्याच रात्री ऑपरेशन झालं.

पायात जोर आला. लघवीसाठी नळी मात्र अजून दिवसातून चारदा घालावी लागते.

आता तो प्रश्न मी नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारते. माझ्या ज्युनियरला तो वेळेचा अपव्यय वाटतो.

“सोमवारी खरंच काही नव्हतं हो मॅडम,” ते दर भेटीत सांगतात. मुलगी शेजारीच बसलेली असते.