तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीतला पेनड्राइव्ह

गाडीत बसलेलं कुणी ना कुणी हमखास विचारतं, “तुझी गाणी अशी ओळीनं कशी लागतात गं? आमच्याकडे भैरवी आधी आणि यमन मागाहून!”

दोष बहुतेक वेळा नावांचा किंवा कॉपी करण्याचा असतो. बरेच साधे कारस्टिरिओ नावाकडे बघतच नाहीत. पेनड्राइव्हवर जी फाइल आधी लिहिली गेली, ती आधी वाजते. म्हणून मी पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये (फाइली ठेवण्याची ही पद्धत बहुतेक स्टिरिओंना वाचता येते) फॉरमॅट करून पूर्ण रिकामा करते आणि एकेक फोल्डर क्रमानं टाकते. नावांआधी ०१, ०२ असे आकडे असतात, कारण जे स्टिरिओ नावांच्या क्रमानं गाणी लावतात त्यांना नुसता १ दिला की पुढे २ ऐवजी १० येतो. माझ्या स्टिरिओवर देवनागरीचे चौकोन दिसतात, म्हणून नावं रोमन लिपीत. मन मानत नाही, पण गाडी चालवताना वाचता आलं पाहिजे.

खरा संग्रह घरच्या हार्डडिस्कवर आहे, दुसरी प्रत बहिणीकडे. पेनड्राइव्ह म्हणजे प्रवासापुरता बांधून घेतलेला डबा. तो हरवला तरी चालेल. आजीच्या ओव्या हरवून चालणार नाहीत.

त्या ओव्या बाबांनी साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या. टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडून ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवल्या. अर्ध्या तासाच्या एका बाजूला अर्धा तास द्यावाच लागतो, आणि तो मी बसून ऐकला. न दाबलेली मूळ वेव्ह फाइल ३०० एमबीच्या वर गेली, ती तशीच जपली. गाडीसाठी ती दाबून लहान केली: १९२ केबीपीएसची (सेकंदाला १९२ किलोबिट) एमपीथ्री, साधारण ४३ एमबीची. ओव्या वेगळ्या कापून घे, असं भाऊ म्हणाला. मी नाही कापल्या. दोन फाइलींच्या मध्ये स्टिरिओ क्षणभर गप्प होतो, आणि इथे तर ओवी संपली तरी जात्याची घरघर चालूच असते. मधेच आजीच्या बांगड्या वाजतात, ती दाणे घालते, मग पुढची ओवी. ती घरघर तुटली तर उरलं काय?

अडचण एकच होती, आवाजाची. ओव्या हळू, त्यामागून सिनेमाचं गाणं आलं की दचकायला व्हायचं. एमपीथ्रीगेन या आवाज सारखा करणाऱ्या सॉफ्टवेअरनं सगळ्या फाइली ८९ डेसिबलच्या आसपास आणल्या. त्यात फाइल पुन्हा दाबली जात नाही, नुसती आवाजाची पातळी बदलते.

कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटात रेंज गेली की फोनवरचं गाणं अडतं, पेनड्राइव्हवरचं चालू राहतं. मागच्या सीटवर आई असली तर ओवीची पुढची ओळ तीच आधी म्हणते.

हो, आणि उन्हात गाडी उभी करताना पेनड्राइव्ह काढून घ्या. माझा किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला असतो.