बॉलकडे नको, ९२ कडे बघ

२००८ च्या ऑगस्टमध्ये मी एमएस करायला पिट्सबर्गला आले. स्क्विरल हिलमध्ये एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघी राहायचो, एक नागपूरची, एक डोंबिवलीची आणि मी सांगलीची, आणि खाली घरमालक आजोबा एकटेच. सत्तरी ओलांडलेले, अख्खी नोकरी पोलादाच्या कारखान्यात काढलेली. रविवार आला की अमेरिकन फुटबॉलच्या मॅचसाठी त्यांचा टीव्ही एवढा मोठा लागायचा की वर अभ्यास होणं शक्यच नसायचं, म्हणून एका रविवारी मी सरळ खाली जाऊन त्यांच्या सोफ्यावर बसले. अर्धा तास बघितलं, काही म्हणजे काही कळलं नाही. आजोबा म्हणाले, तू बॉलकडे बघतेस ना, म्हणून कळत नाहीये. बॉल सोड. ९२ नंबर कुठे उभा आहे ते बघ.

९२ म्हणजे जेम्स हॅरिसन, पिट्सबर्गच्या स्टीलर्स टीमचा आउटसाइड लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्सच्या कडेला उभा राहणारा खेळाडू. त्याच्यावर बरंच लिहिलं गेलंय, पण बहुतेक सगळं त्याच्या रागावर, त्याच्या दंडांवर आणि जिममध्ये तो किती वजन उचलायचा त्यावर. मला त्याच्या डोक्याबद्दल लिहायचंय. खूप दिवस मनात होतं.

आधी त्याचं काम काय ते सांगते. समोरच्या टीमचा क्वार्टरबॅक बॉल घेऊन मागे सरकतो आणि कुणाला फेकायचा ते बघत असतो, त्याला दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याच्यापर्यंत पोचून त्याला पाडायचं, याला सॅक म्हणतात. मधे उभा असतो क्वार्टरबॅकला सांभाळणारा लेफ्ट टॅकल, सहा फूट चार-पाच इंच उंच, एकशे चाळीस किलोच्या आसपासचा पहाड. हॅरिसन सहा फूट आणि एकशेदहा किलो. आपल्याला हे ऐकून तो धिप्पाड वाटेल पण त्या जागेसाठी तो बुटका, आणि बुटका म्हणूनच त्याला कुणी घेत नव्हतं. पण त्याने त्या उंचीचंच हत्यार केलं. कुस्ती बघितलेल्या माणसाला हे लगेच कळेल, उंच पैलवानाला खाली वाकणं अवघड जातं, आणि जो आधीच खाली आहे तो त्याच्या काखेखालून आत शिरतो. हॅरिसन कडेने धावत यायचा, खांदा जमिनीकडे एवढा कलवायचा की आत्ता पडेल असं वाटायचं, आणि त्या टॅकलच्या हाताखालून वळून क्वार्टरबॅकवर. मग टॅकलला त्याच्या गळ्यात हात घालून ओढण्याशिवाय पर्याय राहायचा नाही. असं ओढणं नियमाबाहेरचं, त्याला होल्डिंग म्हणतात, आणि रेफ्रीने ते पकडलं नाही की आजोबा उठून उभे राहायचे.

जन्म १९७८ चा, ओहायोमधल्या अ‍ॅक्रनचा. चौदा भावंडांत सगळ्यात धाकटा. कॉलेज केंट स्टेट, तिथेही सुरुवातीला स्कॉलरशिप नव्हती, स्वतःहून जाऊन टीममध्ये जागा मिळवली. २००२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम कॉलेजमधले खेळाडू निवडतात तेव्हा, कुठल्याच टीमने नाव घेतलं नाही. स्टीलर्सनी ड्राफ्टबाहेरून बोलावलं, मग काढलं, परत बोलावलं, परत काढलं. मधे बाल्टिमोरने घेतलं, त्यांनी त्याला जर्मनीत ऱ्हाइन फायर नावाच्या टीमकडून खेळायला पाठवलं, एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगची, युरोपात एक लीग होती तेव्हा, आणि परत आल्यावर त्यांनीही काढलं. स्टीलर्सनी तीनदा आणि बाल्टिमोरने एकदा, चार वेळा या माणसाला सांगितलं गेलं की तुझं काम नाही.

आणि का काढलं हे मला महत्त्वाचं वाटतं. ताकद कमी होती म्हणून नाही. त्याला प्लेबुक, म्हणजे टीमच्या सगळ्या डावांची वही, येत नव्हतं. स्टीलर्सचा डिफेन्स चालवायचे डिक लेबो, २००८ मध्ये ते एकाहत्तर वर्षांचे होते, आणि त्यांचा झोन ब्लिट्झ हा सगळा फसवाफसवीचा कारभार. समोरच्याला वाटतं हा धावत येणार आणि तो मागे सरकून पासच्या वाटेत उभा राहतो, वाटतं तो मागे थांबणार आणि तोच अंगावर येतो. प्रत्येकाला आपलंच नाही तर बाजूच्याचंही काम माहीत असावं लागतं. हॅरिसनला सुरुवातीला ते जमायचं नाही, प्रॅक्टिसमध्ये कळलं नाही की तो हात वर करून मला बाहेर काढा म्हणायचा, नाहीतर मनाला येईल तिकडे जायचा. असा माणूस कितीही ताकदवान असला तरी कोचला नको असतो, कारण एकजण चुकला की भिंतीला भोक पडतं.

२००४ मध्ये टीममधला एकजण वजन उचलताना हाताला लागून बसला म्हणून स्टीलर्सनी याला पुन्हा फोन केला. त्या काळात तो ड्रायव्हिंगच्या नोकरीचा विचार करत होता, वडीलही ट्रक चालवायचेच. या वेळी मात्र त्याने प्लेबुक अंगात भिनवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलंडला मॅच सुरू व्हायच्या आधीच त्या जागेवरच्या नेहमीच्या खेळाडूची, जोई पोर्टरची, मारामारी झाली, त्याला बाहेर काढलं आणि त्याच्या जागी हॅरिसन पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला. पुढची दोन-तीन वर्षं पोर्टरच्या मागे बसून, किक आणि पंटवर (बॉल लाथेने मारून समोरच्यांकडे देतात तेव्हा) धावून काढली, त्यातच २००६ च्या फेब्रुवारीतली सुपर बोलची, म्हणजे लीगच्या फायनलची, अंगठीही मिळाली. २००७ मध्ये पोर्टर गेला आणि जागा त्याची झाली, तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता! या खेळात एकोणतिसाव्या वर्षी माणसं उतरणीला लागलेली असतात.

त्याच नोव्हेंबरमध्ये बाल्टिमोरविरुद्ध, म्हणजे ज्यांनी काढलं त्यांच्याविरुद्धच, सोमवारी रात्रीच्या मॅचमध्ये साडेतीन सॅक, तीन फंबल (म्हणजे समोरच्याच्या हातातून बॉल उडवणं) आणि वर एक इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्याने फेकलेला बॉल मधेच पकडणं. आजोबांनी ती मॅच रेकॉर्ड करून ठेवली होती, मला दोनदा दाखवली.

मग माझं पहिलं वर्ष, २००८ चा सीझन. सोळा सॅक, सात वेळा समोरच्याच्या हातातून बॉल उडवला. चार्जर्सविरुद्धची ती ११-१० ची मॅच मी खाली बसूनच बघितली, एनएफएलच्या इतिहासात तोपर्यंत कधी न लागलेला स्कोअर, आणि त्या अकरातले दोन पॉइंट हॅरिसनचे, त्याने चार्जर्सचा क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्सला त्यांच्याच गोललाइनजवळ गाठून बॉल उडवला, त्यांच्याच माणसाने तो उचलला आणि तो त्यांच्याच एंड झोनमध्ये, म्हणजे गोललाइनच्या पलीकडच्या पट्ट्यात, पाडला गेला. त्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. ड्राफ्टमध्ये न निवडला गेलेला कुणी हा पुरस्कार घेण्याची ती पहिलीच वेळ.

त्या हिवाळ्यात मी नोकरी शोधत होते. मंदी अशी होती की कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या येईनाशा झाल्या, आणि नकाराच्या ईमेल सगळ्या एकाच साच्यातल्या यायच्या. व्हिसाचे दिवस मोजत बसायची वेळ होती. त्यामुळे चारदा काढलेल्या माणसाकडे बघताना माझा जीव त्याच्यात जरा जास्तच गुंतला असेल, असू दे.

१ फेब्रुवारी २००९, टॅम्पा, सुपर बोल, समोर अ‍ॅरिझोना कार्डिनल्स. आम्ही तिघी खाली, मी पोहे करून नेले होते, आजोबांच्या मांडीवर त्यांचा पिवळा टेरिबल टॉवेल, स्टीलर्सचे चाहते मॅचला फिरवतात तो. (हा टॉवेल १९७५ मध्ये रेडिओवाले मायरन कोप यांनी सुरू केला, आणि त्याच्या विक्रीचा पैसा बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांना सांभाळणाऱ्या संस्थेला जातो, हे मला फार आवडतं.) हाफटाइमला अठरा सेकंद उरलेली, स्टीलर्स १०-७ ने पुढे, पण बॉल कार्डिनल्सकडे आणि गोललाइन फक्त एक यार्डावर. टचडाउन, म्हणजे बॉल गोललाइनपलीकडे नेणं, झालाच म्हणून समजा. हॅरिसनला सांगितलेलं काम सरळ होतं, क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरवर धावून जा. सगळेच धावणार होते.

मी ९२ कडे बघत होते. तो एक पाऊल पुढे टाकल्यासारखा हलला आणि थांबला. मागे आला. त्याचा हिशोब असा होता की वेळ एवढा कमी आहे, वॉर्नर बॉल झटकन सोडणार, मी कितीही जोरात गेलो तरी पोचणार नाही. म्हणून तो आत सरकला आणि वॉर्नरला त्याच्या टीममधल्या अँक्वान बोल्डिनकडे फेकायचं होतं त्या वाटेतच उभा राहिला. वॉर्नरला तो दिसलाच नाही. बॉल थेट हॅरिसनच्या हातात, गोललाइनवर.

मग ते शंभर यार्ड. एकशेदहा किलोचा माणूस अंगावर सगळं सामान घालून कडेकडेने धावतोय, पुढे त्याचे सोबती एकेकाला आडवा करतायत, कुणी त्याच्या पायांत झेपावतोय, कार्डिनल्सचा लॅरी फिट्झजेराल्ड मैदानाबाहेरून धावतधावत येतोय आणि वाटेत आपल्याच टीममधल्या माणसाला धडकून पुन्हा पळतोय. घड्याळात शून्य झालं तरी प्ले संपेपर्यंत चालू राहतो, म्हणून त्याला मधे पडून चालणारच नव्हतं. अगदी शेवटी फिट्झजेराल्डने त्याला गाठलं, तो डोक्यावर आपटला, पण एंड झोनमध्ये. १७-७. रेफ्री रिप्ले तपासत होते तेव्हा हा आडवा पडलेला, नंतर तोंडाला ऑक्सिजन लावला. मॅच शेवटी २७-२३ ने जिंकली. शेवटच्या टचडाउनचा सँटोनियो होम्सचा तो कोपऱ्यातला कॅच सगळ्यांना आठवतो आणि आठवायलाच हवा, पण चार पॉइंटचा फरक बघा आणि त्या एका यार्डाचा विचार करा.

ज्याला मनाला येईल तसं खेळतो म्हणून काढलं होतं, त्याने सगळ्यात मोठ्या मॅचमध्ये सांगितलेलं काम सोडून मनाचं केलं. फरक एवढाच की आता त्याला प्रत्येकाचं काम पाठ होतं. आपण मागे सरकलो तर कुठे भोक पडेल आणि कुठे नाही, हे माहीत असलेल्या माणसाचा तो निर्णय होता. म्हणून मला त्याला नुसता राक्षसी ताकदीचा म्हटलेलं सहन होत नाही.

आता दुसरी बाजू. त्याच मॅचमध्ये पुढे पंटच्या वेळी त्याने खाली पडलेल्या कार्डिनल्सच्या फ्रान्सिस्कोला मारलं, ते बघून मला लाज वाटली. २०१० मध्ये क्लीव्हलंडविरुद्ध एकाच मॅचमध्ये त्याच्या धडकेने दोघांच्या डोक्याला मार बसला, त्यातल्या मसाकॉयवरच्या हिटसाठी पंचाहत्तर हजार डॉलर दंड झाला, तो एवढा चिडला की खेळणंच सोडण्याच्या गोष्टी केल्या. २०११ मध्ये क्लीव्हलंडचा क्वार्टरबॅक कोल्ट मकॉयला हेल्मेटने धडक दिली म्हणून एका मॅचची बंदी. पिट्सबर्गमध्ये तेव्हा सगळे म्हणायचे लीग त्याच्या मागे लागलीय. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. या खेळातल्या किती माणसांच्या मेंदूंचं पुढे काय झालं ते आता सगळ्यांना माहीत आहे, आणि डोक्याला मार तो मारच. आजोबांशी माझा खरा वाद झाला तो एवढ्या एकाच गोष्टीवर.

मधली वर्षं पटकन सांगते. २०१३ मध्ये स्टीलर्सनी सोडलं, एक वर्ष सिनसिनाटीला, २०१४ मध्ये रिटायर झाला आणि काही आठवड्यांतच परत, कारण पुन्हा कुणाला तरी लागलं होतं आणि पुन्हा फोन त्यालाच. २०१६ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, स्टीलर्सच्या इतिहासात अधिकृत नोंदींप्रमाणे तोपर्यंतचे सगळ्यात जास्त सॅक त्याच्या नावावर झाले, पुढे स्टीलर्ससाठी एकूण साडेऐंशी.

२०१७ मध्ये तरुण टी. जे. वॉट आला, हॅरिसन बेंचवर बसून राहिला, आणि ख्रिसमसच्या दोन दिवस आधी त्याला काढलं. पुन्हा एकदा. तो गेला सरळ न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे. पिट्सबर्गच्या माणसासाठी यासारखं दुखणं नाही.

मी तेव्हा न्यू जर्सीला होते. ३१ डिसेंबरला पेट्रियट्स विरुद्ध जेट्स, एकोणचाळीस वर्षांचा हॅरिसन, अंगावर वेगळी जर्सी पण नंबर तोच. मॅच संपत आली होती आणि शेवटी शेवटी त्याने लागोपाठ दोन सॅक केले. मी आजोबांना फोन लावला. ते म्हणाले, मी ती मॅच लावली नाही, त्या टीमची मी लावत नाही. मी म्हटलं, अहो दोन सॅक केले त्याने, अगदी शेवटी. पलीकडून बराच वेळ काहीच आवाज नाही, मला वाटलं फोन कट झाला.

मग त्यांनी विचारलं, कुठे उभा होता?