तांदूळ आणि भात

पहिल्या भेटीत त्या मुलाच्या केसपेपरवर मी लिहिलं होतं, ‘खाल्लेलं वाढवून सांगतो.’ अक्षर माझं, खाली सहीही माझी. या गोष्टीला आता बरेच महिने झाले, पण ते तीन शब्द काही डोक्यातून जात नाहीत.

मी आहारतज्ज्ञ आहे, ओपीडीत बसते. येणाऱ्या बहुतेकांना वजन उतरवायचं असतं. वजन वाढत नाही म्हणून कोणी आलं की बाहेर बाकावर बसलेले लोकसुद्धा वळून बघतात. घरचे म्हणतात, नशीबवान आहेस, काहीही खा. या बारीक मुलांचं दुखणं कोणी दुखणं म्हणून धरतच नाही, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. त्या दिवशी मात्र मीही ते धरलं नाही.

वय २२, उंची १७८ सेंटिमीटर, वजन ५८ किलो. पाच महिने आठवड्यातून चार दिवस जिम, आणि एवढ्या काळात वजन वाढलं ४०० ग्रॅम. थायरॉइड, साखर, सीलिअ‍ॅकची (गहू न सोसण्याच्या आजाराची) तपासणी, सगळं नॉर्मल. डॉक्टरांच्या चिठ्ठीत एकच ओळ, ‘आहार वाढवण्याबाबत समुपदेशन’. जिममधल्या ट्रेनरने तर त्याहून सोपा मार्ग काढला होता: ‘खात नाहीस तू’ असं सांगून मास गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरचा, डबा हातात दिला होता. मुलाच्या मोबाइलमध्ये पाच महिन्यांच्या जेवणाची नोंद होती, एकही दिवस न चुकवता. रोजची सरासरी ३१०० कॅलरी.

आमचा हिशेब असा चालतो. मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं १९९० सालचं सूत्र: वजनाची दहापट, त्यात उंची गुणिले सव्वासहा, वजा वयाची पाचपट, पुरुष असेल तर अधिक ५. त्याचे येतात साधारण १५९०. एवढ्या कॅलरी नुसतं पडून राहायला लागतात. हिंडणंफिरणं आणि व्यायाम धरून १.५५ ने गुणलं की २४६० च्या आसपास. हा खर्च, आणि जमा ३१००. रोज सहाशेच्या वर शिल्लक पडतेय आणि पाच महिन्यांत ४०० ग्रॅम? सूत्र दहा टक्के इकडेतिकडे होतं, तेही धरलं. तरी मेळ बसेना.

मेळ बसत नाही तेव्हा आमच्या क्षेत्रात संशय कोणावर घ्यायचा हे ठरलेलं असतं. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. १२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही म्हणणाऱ्या लठ्ठ माणसांचं खाणं शास्त्रीय पद्धतीने तपासलं, तेव्हा ती सांगत होती त्यापेक्षा पुष्कळ जास्त खात होती. आपलं खाणं त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं. आम्हा सगळ्यांना तो पाठ असतो. मी तो उलटा करून या मुलावर ठेवला. ते कमी करून सांगत होते, हा वाढवून सांगतोय. एका भेटीला वीस मिनिटं मिळतात, दारात पुढचा पेशंट उभा होता. ‘नीट मोजून लिही, पंधरा दिवसांनी ये,’ म्हणाले आणि ते तीन शब्द लिहून फाइल मिटली.

पंधरा दिवसांनी तो आला तो पाठीवर सॅक घेऊन. खुर्चीत बसण्याआधीच त्याने टेबलावर एकेक वस्तू मांडली. स्वयंपाकघरातला वजनकाटा, दोन डबे, तेलाचा मापाचा चमचा.

“मॅडम, मी रोज कसं मोजतो ते तुमच्यासमोर करून दाखवतो.”

काटा पाहूनच कळलं की हा मुलगा काटेकोर आहे. रिकामा डबा ठेवून त्याने आकडा शून्यावर आणला. ही गोष्ट मी लोकांना तीनतीनदा सांगते तरी ते विसरतात. मग दुसऱ्या डब्यातला भात चमच्याचमच्याने त्यात घातला. १४७, १५२, परत दोन शितं बाहेर, बरोबर १५०. मोबाइल उघडून ‘राईस’ टाइप केलं, यादीतली पहिली ओळ निवडली, १५० टाकलं.

५४० कॅलरी.

मी तो मोबाइल त्याच्या हातातून घेतला. दीडशे ग्रॅम भातात ५४० कॅलरी मावूच शकत नाहीत. भाताच्या वजनात सत्तर टक्क्यांच्या जवळपास पाणी असतं, १०० ग्रॅमला साधारण १३० कॅलरी पडतात. १०० ग्रॅमला ३६० हा आकडा कोरड्या तांदळाचा. तांदूळ शिजला की वजनाने अडीच ते तीन पट होतो, पण त्यात भर पडते ती पाण्याची, आणि पाण्याला कॅलरी नसतात. हा मुलगा रोज दोन वेळा मिळून ३०० ग्रॅम भात खात होता आणि ३०० ग्रॅम तांदळाच्या कॅलरी लिहीत होता. १०८० लिहिल्या, पोटात गेल्या ३९०. तफावत ६९० ची. ३१०० मधून ६९० वजा केले तर २४१० उरतात, आणि त्याचा खर्च होता २४६०. पाच महिने वजन हललं नाही यात नवल काहीच नव्हतं. त्याचं शरीर अगदी बरोबर हिशेब ठेवत होतं.

अ‍ॅपमधल्या त्या ओळीत ‘कच्चा’ असा शब्द कुठे नव्हता. अशा याद्यांत कोणीही भर घालतो आणि तपासणारा कोणी नसतो, हे आम्हाला माहीत असतं. तरी आम्ही तळाची बेरीज तेवढी वाचतो.

खरी गोष्ट मला त्या रात्री सुचली. आपल्या भाषेत या दोन वस्तूंना दोन नावं आहेत. तांदूळ डब्यात असतो, भात ताटात. पाच वर्षांच्या पोराचाही यात घोळ होत नाही. इंग्रजीत दोन्हीला राईसच. पहिल्या भेटीत तो मला काय म्हणाला होता हे मला नीट आठवत होतं: “मॅडम, भात तीनशे ग्रॅम.” भात म्हणाला होता. मी कागदावर लिहिलं ‘राईस ३०० ग्रॅम’, आणि मोबाइलमधल्या बेरजेकडे वळले. तो बोलला तो शब्द मी ऐकला असता तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं, भात ना? मग आकडा कशाचा लावलास?

त्याला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काट्याकडे बघत बसला. मग म्हणाला, “म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो ना?”

“नाही रे.”

“तुम्ही मागच्या वेळी लिहिलेलं मला दिसलं होतं. कागद तुमच्याकडे तोंड करून होता, पण वाचता आलं.”

म्हणून काटा. म्हणून डबे. मी त्याची माफी मागितली. तो “असू दे मॅडम” म्हणाला, पण नजर काट्यावरून हलली नाही.

पुढचं काम खरं तर माझ्या आवडीचं. ५८ किलोच्या मुलाला रोज २८०० कॅलरी खायला लावणं म्हणजे पोटाशी वाटाघाटी असतात. याचं ताट इंटरनेटवर बघून बनवलेलं होतं: उकडलेलं चिकन, अंड्याचा फक्त पांढरा भाग, भांडंभर कोशिंबीर, दोन वेळा प्रोटीन पावडर. प्रथिनं १७५ ग्रॅमच्या घरात, म्हणजे किलोमागे ३. स्नायू वाढवायला एवढी लागत नाहीत. २०१८ साली ४९ चाचण्या एकत्र करून पाहिलं, तेव्हा किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे सरासरीने वेगळा फायदा दिसला नव्हता. शिवाय प्रथिनांनी पोट सगळ्यात लवकर भरतं, आणि त्यांतल्या २० ते ३० टक्के कॅलरी पचवण्यातच जातात. ज्याला जास्त खायचंय त्याने आधी पोट कशाने भरतंय ते बघावं. प्रथिनं ११० वर आणली, पावडर बंद केली, कोशिंबीर निम्मी केली. अंडी बलकासकट. जेवणात दोन चमचे तेल वाढवलं. मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि पोटात जागा जवळपास शून्य. दोन जेवणांच्या मध्ये दूध, केळं आणि शेंगदाणे एकत्र फिरवून प्यायचे, कारण चावून जे जात नाही ते पिऊन जातं. चिकनचं गणित भाताच्या उलट, शिजताना पाणी सुटून वजन घटतं, तेही सांगितलं. तांदूळ असो की चिकन, कच्चं मोजायचं आणि कच्च्याचाच आकडा लावायचा.

पहिल्या आठवड्यात ८०० ग्रॅम वाढले. तो फोनवर ओरडलाच. त्यातलं बरंचसं साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, आणि त्याच्याबरोबरचं पाणी आहे, हे सांगताना मला वाईट वाटलं. मग आठवड्याला २००–२५० ग्रॅमची चाल बसली. पाचव्या आठवड्यात काटा पुन्हा थांबला.

या वेळी मी संशय घेतला नाही, विचारत बसले. खाणं चोख होतं. मोबाइलमधली पावलं पाहिली तर रोजची सात हजारांची अकरा हजार झालेली. फोनवर बोलताना फेऱ्या, लिफ्टऐवजी जिना, बसल्या जागी पाय हलवणं. त्याला पत्ताच नव्हता. १९९९ सालच्या एका प्रयोगात १६ जणांना आठ आठवडे रोज १००० कॅलरी जास्त दिल्या होत्या. कोणाची चरबी जेमतेम पाव-अर्धा किलो वाढली, कोणाची चार किलोंच्या वर. फरक मुख्यतः या नकळतच्या हालचालींचा होता. काहींचं शरीर जास्तीचं खाणं असं हिंडूनफिरून उडवून टाकतं. ‘मला खाल्लेलं लागतच नाही’ असं लोक म्हणतात ना, ते इतकं खरं असू शकतं. त्याला चालणं कमी करायला सांगितलं नाही, २०० कॅलरी आणखी वाढवल्या. काटा हलला.

चौदा आठवड्यांनी वजन ६१.४ भरलं. सगळा स्नायू नाही, थोडी चरबी आहेच, पण बारबेलवरचं वजनही वाढलंय आणि शर्ट खांद्याला घट्ट होतोय.

त्या भेटीत मी पहिला कागद काढला. केसपेपरवर लिहिलेलं गिरवून मिटवता येत नाही. आडवी एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. त्या तीन शब्दांवर मी त्याच्यासमोर रेघ मारली. कागद त्याच्याकडे फिरवला. त्याने वाचला, मग बोट वरच्या ओळीवर ठेवलं. ‘राईस ३०० ग्रॅम’.

“मॅडम, हेही.”

मी तिथेही रेघ मारली आणि वर लिहिलं, भात.