अ‍ॅप सुचायला हवं असेल तर आधी टॅबलेट बंद ठेवा

वर्गात मुलांना नुसतं "टॅबलेटसाठी नवीन अ‍ॅप सुचवा" म्हटलं की निम्मी गेम सांगतात आणि उरलेली यूट्यूबसारखंच काहीतरी. त्यांना तरी काय बोलणार, रोज जे बघतात तेच सुचणार ना. म्हणून मी हल्ली अ‍ॅपचं नावच काढत नाही, विचारते की तुला रोज कशाचा वैताग येतो? मग बघा काय काय बाहेर येतं, आजीला औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकटाच मरमर काम करतो आणि मार्क सगळ्यांना, गाताना सूर लागला की नाही तेच कळत नाही... 

यानंतर टॅबलेटमध्ये काय काय आहे ते सांगायचं, कारण बऱ्याच मुलांना तो फक्त मोठा मोबाईल वाटतो. पण त्याला ऐकू येतं, दिसतं, आपण किती तिरपे धरले गेलोय ते कळतं, आणि मुख्य म्हणजे टेबलावर आडवा ठेवला की तीन-चार जण एकाच वेळी बोटं लावू शकतात. मोबाईलवर ही मजा नाही! फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने केलेलं, त्यात हेच सेन्सर, म्हणजे ऐकणारे-मोजणारे भाग, वापरून प्रयोग करता येतात, म्हणजे दोन डिव्हाइस लांब ठेवून टाळ्या वाजवायच्या आणि आवाजाचा वेग काढायचा. हे एकदा दाखवलं की मुलांची गाडी गेमवरून आपोआप पुढे सरकते.

मग थेट कोडिंग नको, कागद. प्रत्येक स्क्रीन वेगळ्या कागदावर काढायची, एकाने बटणावर बोट ठेवायचं आणि दुसऱ्याने कॉम्प्युटर होऊन पुढचा कागद समोर सरकवायचा, कुठे अडतंय ते लगेच कळतं आणि हशाही होतो. कुणाला हा पोरखेळ वाटेल, पण अ‍ॅलन के या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने मुलांसाठीच्या कॉम्प्युटरची, डायनाबुकची, कल्पना मांडली तेव्हा त्यानेही पुठ्ठ्याचंच मॉडेल केलं होतं. त्यावरचा त्याचा लेख 1972 चा, आणि आयपॅड आला 2010 मध्ये. त्याला तर मुलांनी स्वतः त्यावर प्रोग्रॅम लिहावेत असं वाटत होतं, नुसते व्हिडिओ बघावेत असं नाही.

कागदावर जमलं की मोठ्या मुलांसाठी एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटर, पाच ते सात वर्षांच्या चिमुरड्यांसाठी स्क्रॅचज्युनिअर. ही दोन्ही कोडिंगची साधनं, त्यांत आज्ञांचे तयार ब्लॉक जोडायचे असतात, टायपिंगची कटकट जवळजवळ नाहीच.

एक विनंती शिक्षकांना, "हे तर आधीच आहे" असं लगेच म्हणू नका प्लीज, तुझं त्याच्यापेक्षा वेगळं काय ते विचारा. आणि हेही विचारा की तुझं अ‍ॅप माझे फोटो, माझा आवाज कुठे पाठवणार? यावर मुलं जी भांडतात ना, ऐकण्यासारखं असतं. कधीकधी तर असंही ठरतं की अ‍ॅपची गरजच नाही, ग्रुप प्रोजेक्टसाठी भिंतीवर कामांची यादी लावली की भागतंय. मी त्यालाही पूर्ण मार्क देते.