लाल शाईतला प्रश्न

नववीची मराठीची वही मी अजून जपून ठेवली आहे. तिच्यातल्या एका पानावर तिरकी लाल रेघ मारलेली आहे आणि तळाला बाईंच्या ठसठशीत अक्षरात एकच ओळ आहे: 'खाण चालू असती, तर भीमा स्मशानात गेला असता का?' स्मरणिकेसाठी लिहायचा निरोप आला तेव्हा आधी हेच पान आठवलं.

साल १९८२. जानेवारीच्या १८ तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि जूनमध्ये शाळा उघडली तरी भोंगे मुकेच होते. आम्ही लालबाग-परळची मुलं. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर बाबांचा डबा भरायचा, हाच आमचा दिवस. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले होते. वर्गातली काही मुलं गणपतीला कोकणात गेली ती परत आलीच नाहीत. त्यांची बाकं तशीच रिकामी राहिली. हजेरी घेताना त्यांच्या नावापाशी बाई क्षणभर थांबायच्या आणि मग पुढचं नाव घ्यायच्या.

त्या वर्षी बाईंनी पुस्तकाबाहेरची एक कथा वाचून दाखवली, अण्णाभाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं'. पोटासाठी मुंबईला आलेला भीमा उपनगरातल्या दगडाच्या खाणीत काम करत असतो. खाण बंद पडते. उपाशी मरायची पाळी आली असताना त्याला स्मशानातल्या राखेत सोन्याची अंगठी सापडते. मग तो राख चाळू लागतो, पुढे पुरलेली मढी उकरू लागतो. एका रात्री प्रेतासाठी त्याची कोल्ह्यांशी झुंज होते, त्या प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि शेवटी ती कापावी लागतात. बाईंचं वाचन संपलं तेव्हा वर्गात कुणी हललंसुद्धा नाही. 'उद्या रसग्रहण लिहून आणा,' एवढंच म्हणून त्या निघून गेल्या.

मी दीड पान लिहिलं. 'प्रस्तुत कथेतून लेखकाने लोभाचे दुष्परिणाम प्रभावीपणे दाखवले आहेत' अशी सुरुवात, 'भाषा सोपी व ओघवती आहे' असा शेवट. गाईडातली वाक्यं पाठ होती, ती कुठल्याही धड्याला चालायची. त्यावर ती लाल रेघ आली.

बाईंनी मला बोलावून कथेचं पुस्तकच हातात दिलं. म्हणाल्या, 'लेखक काय सांगतो ते नंतर बघ. आधी कुठलं कशाच्या आधी सांगतो, ते बघ.' मी जिन्याखालच्या पायरीवर बसून पुन्हा वाचलं आणि पहिल्याच ओळींशी अडखळले. शेजारच्या गावात कुणी बडा माणूस मेला, त्याला माती दिली, हे ऐकून भीमाला आनंद होतो. कथा इथून सुरू होते. वाचणाऱ्याला त्या माणसाची किळसच यावी अशी सुरुवात. खाण, बेकारी, घरातली चूल हे सगळं त्यानंतर येतं. म्हणजे अण्णाभाऊ आधी आपल्याला भीमाचा राग येऊ देतात आणि मग तो राग आपल्याच हातात जड करून ठेवतात. खाणीची हकिगत आधी आली असती तर आपण पहिल्या पानापासून हळहळत बसलो असतो आणि पुढचं सगळं सोपं झालं असतं. मी लोभावर दीड पान लिहिलं होतं, आणि कथा मात्र मला आल्या आल्या तेच करायला लावून मग थांबवत होती.

पुस्तक घरी नेलं. बाबा गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते, चौथीपर्यंत शिकलेले. संपात ते सकाळी परळ नाक्यावर केळी विकायचे आणि दुपारी खोलीत गप्प बसून राहायचे. 'मोठ्यानं वाच,' म्हणाले. मी वाचत गेले. शेवटाला आले, भीमाची बोटं गेली आणि त्याच वेळी ती बंद पडलेली खाण सुरू झाली, तिथे त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

'बोटं गेल्यावर खाण चालू झाली?'

'हो.'

ते बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. सूत तुटलं की साच्यावर, म्हणजे मागावर, गाठ मारायची ती अंगठ्यानं आणि दोन बोटांनी, न बघता. बाबांची तर्जनी त्यामुळे आतल्या बाजूला घासून गुळगुळीत झालेली होती. बोलताना त्यांचा अंगठा तिच्यावर आपोआप फिरायचा. त्या दुपारीही तो फिरत होता.

दुसऱ्या वेळी मी चार पानं लिहिली, आणि ती बोटांवर. दगड फोडणारी, राख चाळणारी, मुडद्याचा जबडा उघडणारी बोटं तीच. ज्यांच्या जोरावर दगडातून भाकरी मिळत होती ती सोन्यात गेली, आणि दगड परत बोलावू लागला तेव्हा हात अपुरा होता. कोल्ही आणि भीमा एकाच प्रेतासाठी झुंजतात त्या प्रसंगावरही लिहिलं, पण ते मला नीट जमलं नाही. भुकेनं त्या दोघांना एकाच उकरलेल्या मातीवर आणून उभं केलं, हे मला वाटत होतं, पण त्याला शब्द सापडले ते पुष्कळ वर्षांनी. १९५८ साली मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात अण्णाभाऊंनी सांगितलं होतं की ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, दलितांच्या तळहातावर तरली आहे. ते वाचलं त्या दिवशी वही पुन्हा काढून बसले होते.

आता मी रात्रशाळेत मराठी शिकवते. दिवसभर दुकानात, कुरिअरवर, बांधकामावर राबून आलेली मुलं समोर असतात. 'मॅडम, मुद्दे सांगा, आम्ही लिहून घेतो,' म्हणतात. मी मुद्दे देत नाही. कथा देते, पेन्सिल देते आणि म्हणते, जिथे अडखळाल तिथे खूण करा. कधी कधी अर्धा तास कुणीच खूण करत नाही. मी बसून राहते.

त्या चार पानांना बाईंनी गुण दिले नाहीत. खाली आणखी एक ओळ लिहिली: 'खाण पुन्हा सुरू झाल्याचं लेखकाने अगदी शेवटीच का सांगितलं?' मी उत्तर लिहून नेलं तेव्हा सहामाही संपली होती आणि बाबांची गिरणी बंदच होती.